दूरदर्शनची ती धून आणि फिरणारा गोळा – तुमच्या घरी काय चालायचं?

भाजणी

काल आईचा हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले होते. रांगेत पुढच्या आजोबांचा फोन वाजला. रिंगटोन काय, तर दूरदर्शनची ती धून! त्यांना खिसा सापडेपर्यंत सगळी वाजली. अख्खी रांग वळून बघायला लागली. काउंटरवरच्या बाईसुद्धा शिक्का हातात धरून थांबल्या. मी आईच्या कानात म्हटलं, "आई चल, सुरू झालं." तर म्हणते, "आधी गॅस बंद केलास का?" ती खरंच डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत पोचली होती की माझी फिरकी घेत होती, कळलं नाही.

मग दिवसभर तो गोळा डोक्यात. काळ्या पडद्यावर दोन वेलांट्या गरगरत यायच्या, मागे त्यांच्याच सावल्यांची शेपटं, फिरत फिरत जवळ आल्या की मधे गोळा बसायचा आणि डोळा तयार. खाली 'सत्यं शिवं सुंदरम्'. त्या वेलांट्यांना आम्ही काजू म्हणायचो. वरचा काजू दादा, खालचा मी. चटईवर कुशीवर वाकडं पडून पायाने रेटत गोल फिरायचं आणि धून संपायच्या आत जुळायचं. एकदा जुळताना त्याचा गुडघा माझ्या तोंडावर बसला. पुढचा दात तेव्हापासून असाच आहे.

तुमच्याकडे काय चालायचं? लिहा.

निवांत

पहिला! सविस्तर रात्री लिहितो.

वरणफळ

काजू!!! आमच्याकडे गांडुळं म्हणायचे. आजीला तो शब्द चालायचा नाही, संध्याकाळी दिवेलागणीला काय गांडुळं गांडुळं. ती त्याला शंख म्हणायची.

सुपारी

मुरूड. मुंबईचं केंद्र धरायला बूस्टर, आणि अँटेना चढवलेला परसातल्या माडावर. वारा सुटला की माड डुलायचा आणि दोनाच्या जागी चार वेलांट्या दिसायच्या. काका खालून ओरडायचे "आलं का?", आम्ही आतून "आलं, आलं... गेलं!" पाडेली वर चढला की त्यालाच सांगायचं, दादा जरा अँटेना उजवीकडे कर. नारळ पाडायचे वेगळे पैसे, अँटेना फिरवायला चहा.

पहिल्यांदा मुंबईला आत्याकडे गेलो तेव्हा तो गोळा स्थिर आणि एकच बघून मला वाटलं यांचा टीव्ही बिघडलाय.

गल्ली नंबर दोन

सुपारी, हाहाहा. आमच्या पुण्यात सगळ्या अँटेन्यांची तोंडं सिंहगडाकडे. पाहुणे नवखे असले की दिशा अशी सांगायचे, अँटेना जिकडे बघतोय तिकडून या.

माझी आठवण रंगांची. १९८२ ला एशियाडच्या वर्षी रंगीत प्रक्षेपण आलं, पण आमचा टीव्ही कृष्णधवलच. बाबांनी बोहरी आळीतून ती प्लास्टिकची रंगीत काच आणली आणि पडद्यावर अडकवली. वर निळी, मधे केशरी, खाली हिरवी. बातम्या देणाऱ्यांचं कपाळ निळं आणि हनुवटी हिरवी. आणि दूरदर्शनचा गोळा तीन पट्ट्यांचा. वरची वेलांटी फिरून खाली आली की निळ्याची केशरी, केशरीची हिरवी व्हायची. खरा रंगीत टीव्ही खूप नंतर आला तेव्हा आमची निराशाच झाली, त्यात लोगो रंग बदलतच नव्हता.

२०२४ च्या एप्रिलमध्ये डीडी न्यूजचा लाल लोगो भगवा झाला, केवढी चर्चा. आमच्याकडे मधला भाग १९८४ पासून भगवाच होता, काय सांगू.

भाजणी

गल्ली नंबर दोन, कपाळ निळं वाचून चहा नाकात गेला.
(भगव्यावरून इथे कोणी सुरू करू नका हं. त्याला वेगळा धागा काढा.)

तिरपा डोळा

आता थोडी मास्तरकी, माझा पेशा चित्रांचा आहे म्हणून. तो डोळा काढला देवाशिस भट्टाचार्य यांनी, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत विद्यार्थी असताना. मुळात नुसत्या दोन वाकड्या आकृती आणि मधे गोल. चिनी यिन-यांगवरून सुचलेलं. मास्तरांच्या आणि मुलांच्या मिळून चौदा नमुन्यांतून इंदिरा गांधींनी हा निवडला असं सांगतात. १ एप्रिल १९७६ ला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं, तेव्हापासून हा पडद्यावर.

आणि ते जे गरगरत येणं आहे ना, ते तिथल्याच आर. एल. मिस्त्री यांचं काम. त्या चित्राच्या प्रती काढायच्या, कॅमेऱ्याखाली ठेवायच्या, फिरवत फिरवत टिपत जायचं, शेवटी डोळा होईपर्यंत. कॉम्प्युटर बिंप्युटर काही नाही. मी कॉलेजात असताना हातावर काढलेली वीस चित्रं एका ओळीत जुळवताना रडकुंडीला आलो होतो, तेव्हा पहिल्यांदा या माणसाला मनातून नमस्कार केला.

पुढे नव्वदनंतर त्याला पृथ्वी चिकटवली, चकाकी दिली, सोनेरी केलं. प्रत्येक वेळी थोडा बिघडवला, हे माझं मत. २०१७ ला तर नव्या लोगोसाठी स्पर्धा काढली होती, एक लाखाचं बक्षीस. एवढं होऊन डोळा आहे तिथेच आहे.

पायरी

धून बिस्मिल्ला खाँसाहेबांची ना?

तिरपा डोळा

नाही. बांधली पंडित रविशंकरांनी, सनई वाजवली उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांनी. बिस्मिल्ला खाँचं नाव सनई ऐकली की आपोआप तोंडात येतं, माझे वडील तर शेवटपर्यंत मानले नाहीत.

पायरी

माझेही मानणार नाहीत. सांगतच नाही.

वाळवंटी

दोह्याहून. मुलाला (वय ९) यूट्यूबवर जुनी फीत दाखवली, मोठ्या कौतुकाने. काळा पडदा, गोल गोल फिरतंय. तो पाच सेकंद बघून म्हणाला, "बाबा, नेट गेलं."

सुपारी

वाळवंटी 😂 जिंकलात.

दचकू

मी एकटीच आहे का जिला ती धून ऐकली की पोटात गोळा यायचा? सगळे आनंदाने लिहिताय. मला ती रडकी वाटायची. तिन्हीसांजेची वेळ, खेळून घरी आलेले, पाय धुवायचे, परवचा बाकी, गणिताची वही बाकी आणि बाहेर अंधारून येतंय. त्यात ती सनई खर्जातून वर जायची. लग्नात सनई वाजते, पण पाठवणीलाही वाजतेच की. तो डोळा आपल्याकडेच बघतोय आणि त्याला वही ठाऊक आहे असं वाटायचं.

वरणफळ

दचकू +१. रविवार संध्याकाळ तर विचारूच नका.

लालबागची

आमचा टीव्ही वडिलांनी १९८१ च्या दिवाळीत घेतला, बोनस आणि थोडे उसने. मजल्यावर दुसराच. दार उघडं ठेवायचं हा नियम, पोरं उंबऱ्यापासून कॉमन गॅलरीपर्यंत. मी पुढे बसायचे, टीव्ही आमचा ना.

जानेवारीत संप झाला. पुढचं तुम्हाला माहितीये. आधी आईच्या पाटल्या गेल्या, मग गणपतीच्या आधी टीव्ही गेला. ज्यांनी घेतला त्यांचं नाव नको, त्यांनी भाव पाडूनच घेतला. टीव्हीच्या जागी भिंतीवर चौकोनी स्वच्छ रंग राहिला होता, तिथे आईने कॅलेंडर लावलं.

भिंतीपलीकडे शिंत्रेकाकूंकडे होता टीव्ही. त्या बोलवायच्या, खूप चांगल्या होत्या, पण मी जायचे नाही. संध्याकाळी भिंतीतून धून यायची. मी अभ्यासाचं पुस्तक धरून डोळे मिटायचे आणि आत तो गोळा फिरवायचे. कुठल्या सुराला वेलांट्या कुठे असतात ते मला पक्कं पाठ होतं. शेवटच्या सुराला बरोबर जुळवायचे. वर्षभर असं. पुन्हा खरा बघितला तेव्हा तो माझ्यापेक्षा हळू होता.

भाजणी

लालबागची ताई, काय लिहू. वडील परत कामाला लागले का?

लालबागची

गिरणीत नाही. भाजीची गाडी लावली, मग एका सोसायटीत वॉचमन. केबिनमध्ये छोटा टीव्ही होता, सह्याद्रीवरच्या बातम्या लावायचे. आता नाहीत. अगं रडू नका कोणी, खूप वर्षं झाली. शिंत्रेकाकू ८८ च्या आहेत, परवाच चकल्या पाठवल्या.

निवांत

रात्री लिहितो म्हणालो होतो. लालबागची ताईंचं वाचून आता माझं काय लिहायचं. आमच्याकडे फक्त कुत्रा रडायचा त्या धुनीला. एवढंच.

माजलगावी

आमच्या गावात एकच संच, ग्रामपंचायतीचा, लाकडी कपाटात कुलपात. किल्ली शिपायाकडे. शिपाई शेतातून यायला उशीर झाला की कपाटाच्या आत टीव्ही आणि बाहेर दोनशे माणसं कुलपाकडं बघत बसलेली. त्यामुळं आम्ही तो लोगो क्वचितच पाहिला हो. कुलूप उघडून, टीव्ही तापून चित्र येईपर्यंत कृषीवाले साहेब कपाशीवरल्या अळीबद्दल बोलायला लागलेले असायचे. आमचा लोगो म्हणजे ते कुलूप.

पायरी

तापून!! हो, टीव्ही तापावा लागायचा. आधी आवाज, मग चित्र.

गल्ली नंबर दोन

आणि बंद केल्यावर मधोमध तो पांढरा ठिपका. तो जाईपर्यंत उठायचं नाही. शटरवाला टीव्ही कोणाकडे होता? आमच्या शटरचा आवाज आला की शेजारची मुलं धावत यायची, धुनीची गरजच नव्हती.

सुपारी

शटर आहे अजून. टीव्ही मोडीत गेला, त्या खोक्यात आमच्या कोंबड्या अंडी घालतात. शटरसकट.

वरणफळ

फोटो टाक!!

सुपारी

कोंबडी बसलीये आत्ता, उद्या टाकतो.

तिरपा डोळा

टीव्हीचं लायसन्स आठवतंय का, पोस्टात जाऊन भरायचं? ते पुस्तक आहे का कोणाकडे? मला चित्र काढायला हवंय.

भाजणी

आईच्या ट्रंकेत बघते, ती काही टाकत नाही. आज दुपारी तिला सगळा धागा वाचून दाखवला. माजलगावी दादांच्या कुलपाला खूप हसली. मग म्हणाली, "मी नाही गं कधी पाहिला तो गोळा." मी म्हटलं असं कसं, रोज तर लागायचा. तर म्हणे, "रोज ऐकला. तुम्ही दोघं ओरडायचात तेव्हा माझी शेवटची पोळी तव्यावर असायची. हात धुऊन बाहेर येईपर्यंत बाई बोलायला लागलेली असायची."

मग मोबाइलवर लावून दिला. चष्मा लावून दोनदा पाहिला. म्हणाली, बरा आहे, पण काजूसारखा कुठे दिसतो, हा तर करंजीसारखा आहे.

वरणफळ

करंजीच आहे! आई ग्रेट. भाजणी, त्यांना विचार ना करंजीच्या पारीत रवा किती आणि मैदा किती, माझ्या तळताना फुटतात.

भाजणी

विचारून सांगते. झोपलीये आत्ता.