फ्रीजचा गॅस ‘संपतो’ की ‘जातो’?

सिडकोवाली
परवापासून आमचा फ्रीज गार करेना. मेकॅनिक आले, मागची जाळी चाचपली आणि म्हणाले, “ताई, गॅस संपलाय.” सासूबाई ओट्यापाशी होत्या. त्या म्हणाल्या, “म्हणजे गॅस गेला म्हणा की!” मी अनुवादाची कामं करते, सध्या हातात नेमकी फ्रीजचीच माहितीपुस्तिका आहे, म्हणून अडून बसले. बरोबर क्रियापद कोणतं? आणि त्या गॅसला ‘शीतक’ म्हणावं की ‘प्रशीतक’?

पंचवटीचे मास्तर
दुसऱ्याचं आधी सांगतो: प्रशीतक. ‘शीतक’ म्हटलं तर गाडीच्या रेडिएटरमधलं पाणीही त्यात येईल.

आता पहिलं. सासूबाईंचं बरोबर आहे. शेगडीचा गॅस जळतो, म्हणून संपतो. फ्रीजचा गॅस बंद नळ्यांत फिरत राहतो. आत उकळून उष्णता घेतो, मागच्या जाळीत पुन्हा द्रव होतो आणि ती उष्णता तुमच्या स्वयंपाकघरात सोडतो. जळत नाही, खर्च होत नाही. पंधरा वर्षांनीही तेवढाच हवा. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळाला. माणूस ‘गेला’ म्हटल्यावर कुठे गेला असं कुणी विचारत नाही, पण या गॅसचा पत्ता सांगता येतो.

जुन्या फ्रीजमध्ये आर-१२ असायचा. मिथेनचे चारही हायड्रोजन काढून दोन क्लोरीन, दोन फ्लोरीन बसवलेले. हाच बारावीतला हॅलोअल्केन. (मुलं दरवर्षी फोनवरच्या हॅलोचा विनोद करतात. ग्रीक ‘हाल्स’ म्हणजे मीठ, तिथून हॅलोजन: फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन ही मंडळी.) खालच्या हवेत त्याला काहीच होत नाही. पाण्यात विरघळत नाही, पावसात धुऊन जात नाही, शंभरेक वर्षं टिकतो. तरंगत तरंगत स्थितांबरात, म्हणजे ओझोनचा थर असतो त्या उंचीवर, पोचला की अतिनील किरण त्याचा कार्बन-क्लोरीन बंध तोडतात. सुटलेला एक क्लोरीन अणू हजारो ओझोन रेणू मोडतो आणि स्वतः शाबूत राहतो. मोलिना आणि रोलंड यांनी हे १९७४ मध्ये मांडलं, असे गॅस आवरण्याचा माँट्रियल करार १९८७ चा.

सातपूरचा फिटर
मास्तर, आम्ही पण ‘संपला’च म्हणतो. गिऱ्हाइकाला ‘लीक आहे’ सांगितलं की ते म्हणतं, मग मागच्या वेळी काय केलं? 😀

लीक शोधायला पूर्वी हॅलाइड लॅम्प असायचा. निळसर ज्योत, तिच्यात तांब्याची पट्टी आणि एक रबरी नळी. नळीचं तोंड जॉइंटवरून फिरवायचं. गॅस ओढला गेला की ज्योत हिरवी व्हायची. धूर घशाला झोंबायचा, पण लीक सापडायचा. आर-१२च्या जागी आर-१३४ए आला आणि तो लॅम्प निकामी झाला, कारण यात क्लोरीनच नाही. आता साबणाचा फेस लावतो. जॉइंटवर तेलकट डाग दिसला तर आधी तिथेच, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं. नवीन फ्रीज बहुतेक आर-६००एचे. तो पेटणारा गॅस, तिथे ज्योत न्यायचीच नाही.

सिडकोवाली
आमच्या फ्रीजवर ‘१३४ए’च लिहिलंय, शेजारी ‘ओझोनस्नेही’ असा स्टिकर. हा शब्द चालेल?

पंचवटीचे मास्तर
मला खटकतो. या गॅसच्या आकड्यात ९० मिळवले की अंकांतून अणू मोजता येतात: १३४ चे २२४ होतात. दोन कार्बन, दोन हायड्रोजन, चार फ्लोरीन. क्लोरीन नाही म्हणून ओझोनला धक्का नाही, एवढंच. त्याला स्नेह कसला? शेजारी भांडत नाही म्हणजे तो लगेच स्नेही होत नाही. शिवाय हाच गॅस शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त उष्णता अडवतो. म्हणून तर २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीत, माँट्रियल करारातच भर घालून, त्याच्या कपातीचं ठरलं. ‘ओझोनला निरुपद्रवी’ लिहा.

पिंपळगावकर
फिटरदादांना तेलाचा डाग दिसतो, म्हणजे ‘स्नेह’ आहेच की! आयुर्वेदात स्नेह म्हणजे तेलच.

आमच्याकडचा एक शब्द टाकतो: ‘धुरी देणे’. द्राक्षाच्या पेट्या ज्या लाकडी पॅलेटवर रचून परदेशी जातात, त्यांवर शिक्का असतो. ‘एचटी’ म्हणजे लाकूड तापवून घेतलेलं, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. धुरी म्हणतात, पण धूर कुठे दिसत नाही. बिनरंगाचा गॅस तो.

पंचवटीचे मास्तर
तोही हॅलोअल्केनच, एक ब्रोमीनवाला. ब्रोमीनचा अणू ओझोनच्या बाबतीत क्लोरीनपेक्षा कितीतरी घातक. माँट्रियल कराराने त्याच्यावर बंधन आणलं, पण मालासोबत परदेशी कीड जाऊ नये म्हणून देतात त्या धुरीला सूट ठेवली. ‘धुरी’ मात्र राहू द्या. आज्जी ओव्याची द्यायची ती वेगळी, पण ‘धूमन’पेक्षा हे लोकांना कळतं.

सिडकोवाली
पुस्तिकेत ‘प्रशीतक गळाल्यास’ लिहिलं. स्टिकरवाला शब्द गाळला. मेकॅनिक काल पुन्हा आले, मागच्या वाकलेल्या नळीला फेस लावला. मिनिटभर काही नाही, मग एका जागी मोहरीएवढा बुडबुडा फुगला. तेच म्हणाले, “इथून गेला बघा.” नळी जोडली, गॅस भरला. बिलावर मात्र लिहून दिलंय: ‘गॅस संपला, भरला.’