कॅमेऱ्यातली लेव्हल हिरवी, फोटो तिरका. खोटं कोण बोलतंय?

सह्यभटक्या:
मंडळी, २४ मेगापिक्सेलचा मिररलेस कॅमेरा आहे माझा, स्क्रीनवरची लेव्हलची रेघ (कॅमेरा सरळ धरलाय का ते सांगणारी) हिरवी झाल्याशिवाय मी क्लिकच करत नाही. तरी रविवारी पवना डॅमला गेलो होतो, घरी येऊन बघतो तर पलीकडचा काठ सगळ्या फोटोत उजवीकडे उतरलेला!! हॉटशूवर (कॅमेऱ्याच्या डोक्यावरची फ्लॅश लावायची खाच) लावायचा बबल, म्हणजे पाणसळीसारखी बुडबुड्याची लेव्हल, आणला तर तो तिसरंच काहीतरी सांगतोय. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात बॉडी ठेवून जा, पंधरा दिवस लागतील. लग्नाच्या ऑर्डरी तोंडावर आहेत हो. घरी चेक करता येईल का?

फुकटचा_सल्ला:
टाइल्सवर ठेवून बघ की सरळ, हाय काय नि नाय काय.

गुण्या_ओळंबा:
टाइल्सवर अजिबात नको. साइटवर २० वर्षं काढलीत मी, गॅलरीच्या टाइल्सना पाणी जावं म्हणून मुद्दाम ढाळ दिलेला असतो, आणि हॉलमधल्या कशा बसल्यात ते बसवणाऱ्यालाच माहीत.

आधी बबलची परीक्षा घ्या. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट करा, बबल कुठल्या बाजूला गेलाय बघा, मग कॅमेरा न हलवता तो शूमधून काढून उलट्या तोंडाने घाला. पुन्हा त्याच बाजूला तेवढाच गेला तर बबल खरा, बाजू बदलली तर बबलच गंडलाय. आम्ही नवीन लेव्हल घेताना दुकानातच असं पलटी मारून बघतो.

पण बबल खरा निघाला तरी हॉटशू आणि आतला सेन्सर एका रेषेत असतीलच असं नाही, आणि फोटो काढतो सेन्सर. म्हणून ओळंबाच लावा. दाराच्या चौकटीला दोरा, खाली मोठा नट, नट बादलीतल्या पाण्यात बुडवा म्हणजे झुलत नाही. लेव्हल हिरवी करा, २ सेकंदाचा टायमर लावा. दोरा फ्रेमच्या बरोब्बर मध्ये हवा हं, कडेला गेला आणि कॅमेरा जरा वर-खाली झुकलेला असला की दोरा तिरका येतो नि मग आपण उगाच लेव्हलला शिव्या घालतो. कॉम्प्युटरवर मोजा, ४००० पिक्सेल उंचीत ७० पिक्सेल सरकला म्हणजे साधारण १ अंश. कॅमेरा उभा धरूनही वेगळं बघा, तिथे चूक वेगळी असू शकते.

खारा_वारा:
ओळंबा भारी, पण समुद्र जवळ असेल तर क्षितिजासारखी फुकटची लेव्हल नाही, फक्त हवा स्वच्छ पाहिजे आणि क्षितिज फ्रेमच्या मध्यावर घ्यायचं. होडीत बसून मात्र टेस्ट करू नका, हेलकाव्यात लेव्हलचा सेन्सर चकतो.

आणि भटक्या, धरणाचा काठ म्हणजे क्षितिज नव्हे रे! काठ एका बाजूला जवळ येत असेल तर ती बाजू फोटोत खालीच दिसणार, कॅमेरा कितीही सरळ धर. उजवीकडचा काठ जवळ होता का?

सह्यभटक्या:
होता 🤦 मॅप उघडून बघितला, उजवीकडे काठ चांगलाच आत आलाय.

दोरा टेस्ट केली, बायको म्हणाली दारात बादली कशाला, तिला समजावण्यातच अर्धा तास गेला. आडवे ४ फोटो, दोरा १८ ते २३ पिक्सेल एकाच बाजूला, म्हणजे ०.३ अंशाच्या आसपास. उभा धरून जवळजवळ शून्य. आणि तो बबल पलटी केल्यावर चक्क दुसऱ्या बाजूला गेला, भंगार निघाला. ०.३ साठी बॉडी पाठवावी का?

गुण्या_ओळंबा:
०.३ ला कशाला पाठवता, एडिटिंगमध्ये सगळ्या आडव्या फोटोंना एकदम तेवढं फिरवून टाका. मेनू एकदा चाळा, ऑलिंपसच्या ओएम-डी मॉडेल्समध्ये लेव्हल ॲडजस्ट असतं, तुमच्यात तसं असेल तर दोऱ्यासमोरच सेट करून घ्या.

सह्यभटक्या:
मेनूत नाही. फिरवतोच मग.

फुकटचा_सल्ला:
आमच्या टाइल्सना नावं ठेवू नका पण 😄