एकाच राउटरवरचे दोन संगणक: फोल्डर शेअर केला, पण दुसरीकडून उघडत नाही

सारणी:

नमस्कार मंडळी. घरात दोन संगणक आहेत. डेस्कटॉपवर विंडोज १० होम, लॅपटॉपवर विंडोज ११ प्रो. दोन्ही एकाच राउटरला वायफायने जोडलेले आहेत. डेस्कटॉपवरच्या डॉक्युमेंट्समधला एक फोल्डर लॅपटॉपवरून उघडता यावा, त्यात लिहिता यावं, आणि साधारण १०० जीबी फोटो-व्हिडिओ एकदा लॅपटॉपवर आणता यावेत, एवढंच हवं आहे. क्लाउड नको, पेनड्राइव्हची ने-आण नको.

फोल्डरवर राइट क्लिक करून 'गिव्ह अ‍ॅक्सेस टू'मधून शेअर केला आहे. अडचणी अशा:

१. लॅपटॉपच्या 'नेटवर्क' खिडकीत डेस्कटॉप कधी दिसतो, कधी गायब होतो.
२. दिसलाच तर युजरनेम आणि पासवर्ड मागतो. डेस्कटॉप सुरू करताना जो पिन टाकते तोच टाकला, तर चुकीचा म्हणतो.
३. दोन्हींवर होमग्रुप (घरातल्या संगणकांत फाइल वाटायची विंडोजची जुनी सोय) शोधला, सापडला नाही.
४. कॉपीचा वेग फार कमी पडेल असं वाचलं. खरंच किती मिळतो?

तारजोड:

होमग्रुप शोधू नका. विंडोज १०च्या १८०३ आवृत्तीतच, म्हणजे २०१८ साली, तो काढून टाकला. त्याची गरजही नाही.

पहिली गोष्ट म्हणजे 'नेटवर्क' खिडकीवर विसंबणं सोडा. त्या यादीत नाव दिसणं आणि फोल्डर उघडणं यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. यादी भरणारी सेवा वेगळी, फाइल देणारी वेगळी. नाव दिसत नसतानाही फोल्डर व्यवस्थित उघडतो, आणि नाव दिसूनही उघडत नाही. म्हणून थेट पत्त्याने जा.

डेस्कटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' चालवा आणि 'आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस' बघा. समजा तो १९२.१६८.१.२० आहे. लॅपटॉपचा पत्ताही १९२.१६८.१ नेच सुरू व्हायला हवा. एकाचा १९२.१६८.१ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० असेल, तर मध्ये दुसरा राउटर बसला आहे आणि त्याने वेगळं नेटवर्क तयार केलं आहे. तो राउटर 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड'वर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता नुसतं वायफाय देईल. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्या संगणकाला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, आधी ते बघा. आणि दोन्हीपैकी एकही 'गेस्ट' वायफायवर नसावा. गेस्ट वायफायवरची उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशीच रचना असते. काही राउटरमध्ये 'एपी आयसोलेशन' नावाची खूण मुख्य वायफायलाही लावलेली सापडते, ती काढा.

आता डेस्कटॉपवर सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या गुणधर्मात जाऊन 'पब्लिक'चं 'प्रायव्हेट' करा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. पब्लिक असेल तर फायरवॉल बाहेरून येणारी जोडणी दारातच परतवते. लॅपटॉपवरही घरच्या वायफायपुरतं प्रायव्हेट ठेवा. बाहेरच्या वायफायसाठी ही निवड वेगळी राहते, त्यामुळे धोका वाढत नाही.

पिंग (समोरचा संगणक उत्तर देतो का हे बघणारी आज्ञा) करून निष्कर्ष काढू नका, फायरवॉल पिंग अडवते आणि फाइल शेअरिंग चालू ठेवते असंही होतं. खरी परीक्षा पोर्ट ४४५ची, फाइल शेअरिंगची जोडणी त्याच दारातून येते. लॅपटॉपच्या पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन', पुढे डेस्कटॉपचा पत्ता, पुढे 'पोर्ट ४४५' असं द्या. उत्तराच्या शेवटच्या ओळीत 'ट्रू' आलं की वाट मोकळी आहे आणि उरलेला गोंधळ पासवर्डचा किंवा परवानगीचा आहे. 'फॉल्स' आलं तर पासवर्डशी झटापट करण्यात अर्थ नाही. पुन्हा नेटवर्कचा प्रकार बघा, आणि स्वतःची फायरवॉल असलेला वेगळा अँटिव्हायरस असेल तर त्यातही घरचं नेटवर्क विश्वासू म्हणून नोंदवा.

पासवर्डबद्दल: पिन नेटवर्कवरून कधीच चालत नाही. पिन त्या एका यंत्रापुरता असतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन करत असाल तर युजरनेम म्हणून पूर्ण ईमेल आणि पासवर्ड म्हणून त्या खात्याचा खरा पासवर्ड लागतो. तरीही मी ते सुचवणार नाही. डेस्कटॉपवर फक्त शेअरिंगसाठी एक स्थानिक युजर तयार करा. सेटिंग्ज, अकाउंट्स, 'फॅमिली अँड अदर यूजर्स', तिथे नवीन माणूस जोडताना 'साइन-इनची माहिती नाही' आणि मग 'मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय' हा पर्याय. नाव 'वाटप' वगैरे काहीही चालेल. पासवर्ड मात्र द्याच. कोऱ्या पासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही.

लॅपटॉपवरून जोडताना युजरनेमच्या जागी डेस्कटॉपचं नाव, बॅकस्लॅश आणि 'वाटप' असं लिहा. नुसतं 'वाटप' लिहिलं तर लॅपटॉप कधीकधी आपलंच नाव पुढे जोडतो आणि मग पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जातो.

निळीशाई:

एवढा खटाटोप कशाला? 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद करून टाका, फोल्डर 'एव्हरीवन'ला द्या. आणि यादीत नाव दिसत नसेल तर 'टर्न विंडोज फीचर्स' मधून एसएमबी १ (नेटवर्कवरून फाइल देण्याच्या विंडोजच्या पद्धतीची जुनी, पहिली आवृत्ती) चालू करा.

पेंग्विनपक्ष:

निळीशाई, दोन्ही सल्ले जुन्या काळचे आहेत, आणि दुसरा तर धोक्याचा आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर जो धुमाकूळ घातला तो एसएमबी १ मधल्याच भोकातून. त्याच वर्षी विंडोज १०च्या १७०९ आवृत्तीपासून तो मुळात बसवलाच जात नाही. फक्त यादीत नाव दिसावं म्हणून तो परत चालू करू नका. नाव दिसायला हवंच असेल तर डेस्कटॉपवर 'सर्व्हिसेस'मध्ये 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही सेवा शोधा, ती 'ऑटोमॅटिक' करून सुरू करा. आजच्या विंडोजमध्ये यादी भरते ती तिच्यामुळे. कधी दिसतो, कधी गायब होतो याचं कारण बहुधा हेच: सेवा 'मॅन्युअल'वर असते आणि बंद पडलेली असते.

पासवर्ड बंद केला की जोडणी गेस्ट म्हणून होते. विंडोज ११ प्रोमध्ये २४एच२ आवृत्तीपासून प्रत्येक एसएमबी जोडणीवर सही (मजकूर वाटेत बदलला नाही याची डिजिटल खूण) सक्तीची आहे, आणि गेस्टला सही करता येत नाही. म्हणजे सारणी यांच्या लॅपटॉपवर ते चालणारच नाही. त्यासाठी लॅपटॉपची सुरक्षा कमी करत बसण्यापेक्षा तारजोड यांचा वेगळा युजर हाच सरळ मार्ग.

आणखी एक, हे सहसा कोणी सांगत नाही. डॉक्युमेंट्समधला फोल्डर 'गिव्ह अ‍ॅक्सेस टू'मधून दिला की विंडोज तो एकटा फोल्डर शेअर करत नाही, सी ड्राइव्हवरचा पूर्ण 'यूजर्स' फोल्डर शेअर म्हणून उभा करतं. आतल्या परवानग्या बाकीचं अडवतात हे खरं, पण घरभर दार लावून ठेवण्यापेक्षा वेगळी खोली दिलेली बरी. त्यामुळे डी ड्राइव्हवर, म्हणजे युजरच्या फोल्डरांबाहेर, 'सामायिक' नावाचा नवा फोल्डर करा. प्रॉपर्टीज, शेअरिंग टॅब, 'अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग', तिथे 'परमिशन्स'मध्ये 'एव्हरीवन' काढून 'वाटप'ला 'चेंज' द्या. मग शेजारच्या 'सिक्युरिटी' टॅबमध्येही 'वाटप'ला 'मॉडिफाय' द्या. दोन्ही ठिकाणी द्यायलाच हवं, कारण दोन्हींपैकी जी परवानगी कडक असेल तीच लागू होते. शेअरिंगमध्ये सगळं दिलं आणि सिक्युरिटीत फक्त 'रीड' राहिलं, तर फाइल उघडेल पण सेव्ह होणार नाही.

सारणी:

दोघांचेही आभार. पोर्ट ४४५ ला 'ट्रू' आलं, वेगळा युजर केला, डी ड्राइव्हवर फोल्डर केला. आता \\१९२.१६८.१.२०\सामायिक उघडतो आणि नवी फाइल लिहिताही येते. पण दोन गोष्टी उरल्या. त्यात हलवलेल्या काही जुन्या फाइल्स लॅपटॉपवर 'अ‍ॅक्सेस डिनाइड' देतात, डॉक्युमेंट्समधून आणलेल्या आणि नव्या फाइल्स मात्र उघडतात. डी हे त्याच डिस्कवरचं वेगळं पार्टिशन आहे. ज्या बिघडल्या त्या आधी डी वरच दुसऱ्या फोल्डरात होत्या, एवढं लक्षात आलं. दुसरं, डेस्कटॉप पुन्हा सुरू केल्यावर त्याचा पत्ता १९२.१६८.१.२३ झाला.

तारजोड:

निरीक्षण अगदी नेमकं आहे, कारण त्यातच दडलंय. एकाच ड्राइव्हमध्ये फाइल 'हलवली' की ती आपल्या जुन्या परवानग्या सोबत घेऊन येते. नव्या फोल्डरच्या परवानग्या घेत नाही. 'कॉपी' केली, किंवा दुसऱ्या ड्राइव्हवरून आणली, तर ती तिथे नव्याने तयार होते आणि नव्या फोल्डरचे नियम लागतात. म्हणून सी वरून आलेल्या चालल्या आणि डी वरच्या डी वर सरकलेल्या अडल्या. उपाय: 'सामायिक'च्या सिक्युरिटी टॅबमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड' आणि तिथे खाली 'रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन' अशी सुरू होणारी चौकट आहे, तिच्यावर खूण करून 'अप्लाय'. हे फक्त याच फोल्डरवर करा, पूर्ण ड्राइव्हवर चुकूनही नको.

पत्त्यासाठी राउटरच्या पानावर 'डीएचसीपी रिझर्व्हेशन' शोधा. डेस्कटॉपच्या मॅक अ‍ॅड्रेसपुढे (म्हणजे नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकापुढे) १९२.१६८.१.२० लिहून ठेवा, मग तोच पत्ता मिळत राहील. विंडोज १० मध्ये त्या वायफायच्या गुणधर्मात 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस' चालू असेल तर ते बंद करा, नाहीतर मॅक बदलत राहतो आणि राखीव जागा वाया जाते. त्यानंतर लॅपटॉपवर 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' करून एक अक्षर द्या.

मॅप करताना '१२१९' क्रमांकाची चूक आली, म्हणजे एकाच यंत्राला दोन वेगळ्या युजरनी जोडता येत नाही असा संदेश, तर जुनी जोडणी अजून जिवंत आहे. 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये डेस्कटॉपची जुनी नोंद पुसा आणि लॅपटॉप एकदा साइन आउट करा.

वेगवान:

चौथ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. वेग वायफायमुळे खाल्ला जातो, आणि दोन्ही संगणक वायफायवर असतील तर दुपटीने. एकाकडून राउटरकडे आणि राउटरकडून दुसऱ्याकडे, असा तोच मजकूर हवेतून दोनदा जातो. निदान डेस्कटॉप केबलने राउटरला लावा, फरक लगेच दिसेल.

ढोबळ हिशोब असा. सेकंदाला ६ एमबी मिळत असतील तर १०० जीबीला पावणेपाच तास लागतात. दोन्ही टोकांना १०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट) केबल असेल तर सेकंदाला ११ एमबीच्या आसपास, म्हणजे अडीच तासांहून थोडं जास्त. गिगाबिट (१००० एमबीपीएस) असेल तर ११० एमबीपर्यंत, म्हणजे जेमतेम पाव तास. अर्थात हार्ड डिस्क तेवढी चपळ असेल तर, आणि फाइल्स मोठ्या असतील तर. हजारो बारीक फाइल्स असतील तर प्रत्येक फाइलमागे उघड-बंदचा वेळ जातो आणि हे आकडे बरेच खाली येतात.

केबल लावून झाल्यावर सेटिंग्जमध्ये 'लिंक स्पीड' बघाच. तिथे १०००ऐवजी १०० दिसलं तर तीन शक्यता: राउटरची पोर्टच १०० ची आहे, केबलमध्ये चारऐवजी दोनच जोड्या आहेत, किंवा एखादी तार तुटली आहे. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चार पुरतात. त्यामुळे अर्धी खराब केबल बंद पडत नाही, गुपचूप हळू चालते.

राउटरची पोर्ट १०० ची निघाली तर या एका कामापुरती दोन्ही संगणकांत थेट केबल लावा. क्रॉसओव्हर (आतल्या तारा उलटसुलट जोडलेली) केबल लागत नाही, गिगाबिट पोर्ट स्वतःच जुळवून घेतात. एकाला १९२.१६८.५०.१, दुसऱ्याला १९२.१६८.५०.२, सबनेट मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा. मात्र अशा जोडणीला विंडोज 'अनआयडेंटिफाइड नेटवर्क' म्हणून पब्लिक समजतं, तेव्हा ४४५ पुन्हा बंद दिसलं तर दचकू नका, तिला प्रायव्हेट करून घ्या.

पेंग्विनपक्ष:

१०० जीबीसाठी ओढून टाकण्यापेक्षा 'रोबोकॉपी' ही कमांड प्रॉम्प्टमधली कॉपीची आज्ञा वापरा. मध्येच तुटलं तर पुन्हा तीच आज्ञा चालवायची, पोचलेल्या फाइल्स तो वगळतो. 'ई' हा पर्याय द्या म्हणजे उपफोल्डर येतात. 'आर' २ आणि 'डब्ल्यू' ५ हे पर्याय न विसरता द्या. न दिल्यास अडलेल्या फाइलसाठी तो दर ३० सेकंदांनी, १० लाख वेळा प्रयत्न करतो आणि रात्रभर एकाच फाइलपाशी बसून राहतो. 'मिर' हा पर्याय टाळा. मूळ ठिकाणी जे नाही ते तो पोचण्याच्या ठिकाणाहून पुसतो. फोल्डर उलटसुलट लिहिले गेले तर फोटो जातात.

कॉपी चालू असताना दोन्ही संगणकांची झोप बंद ठेवा. डेस्कटॉपवर लॉगइन केलेलं नसलं तरी शेअर चालतो, पण झोपलेला डेस्कटॉप काहीच देत नाही.

शेअरमधली फाइल लॅपटॉपवरून डिलीट केली की ती कुठल्याच रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट नष्ट होते. म्हणून फोटोंसाठी दुसरा शेअर काढा आणि 'वाटप'ला तिथे नुसतं 'रीड' द्या. लिहायची सोय फक्त 'सामायिक'पुरती ठेवा.