मदत हवी आहे : आजीचं इरकल नऊवारी न कापता लग्नासाठी शिवून मिळेल का?

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर, बेळगावातच आहे. अक्षतांना तिला आजीचं इरकल नेसायचंय. काठ अजून घट्ट आहेत, फक्त घड्यांच्या रेषांवर अंग विरलंय. तिला काष्टा घालून वावरायची सवय नाही, म्हणून शिवलेली नऊवारी हवी.

शहापुरातल्या एका टेलरने सरळ कापून शिवू म्हटलं. माझं मन तयार होईना. इरकलात पदराचं लाल रेशीम आणि अंगाचे ताणे मागावरच फासे घालून जोडतात, टोपे-टेणी म्हणतात त्याला. तो जोड एकदा कापला की मशीनने तसा परत होणार नाही. आणि नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. कापलं तर पुढच्या पिढीला कोण नेसवणार?

निऱ्या आणि काष्टा नुसत्या टाक्यांवर बसवून, नंतर उसवता येईल असं शिवणारं कुणी शहापूर, वडगाव, खासबाग भागात आहे का? खानापूर, निपाणीकडचंही चालेल. विरलेल्या जागी आतून मऊ सुती अस्तर लावावं की रफू? रफूने तिथला ताण वाढेल असं मला वाटतं.

ब्लाऊज गुळेदगुड्डच्या खणाचा नवा शिवतोय. मुहूर्तापर्यंत ती थोडी बारीक होईल म्हणते, तेव्हा बाजूला माया किती ठेवायला सांगू? खणाचा पन्हा लहान असतो, बाह्या कोपरापर्यंत हव्यात, तर कापड किती घ्यावं तेही सांगा.

लाल रंग उतरेल म्हणून साडी अजून पाण्यात घातलेली नाही. अनुभव असलेल्या काकू-वैनींनी जरूर लिहा.