परग्रहावरची रात्र : कोल्हापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

२०२३ च्या मे महिन्यात लेकीकडं कॅलिफोर्नियात होतो. जावईबापूंनी एका रात्रीची तिकिटं काढली होती, पण कुठं जायचंय ते सांगितलं नव्हतं. परत आल्यावर रंकाळ्याच्या सकाळच्या फेरीत तीच गोष्ट चौथ्यांदा सांगायला लागलो, तेव्हा मित्रमंडळी म्हणाली, आता एकदाचं लिहून काढ आणि जरा दुसऱ्यांचंही ऐक. म्हणून हा धागा.

थीम पार्कमधली विज्ञानकथेची रात्र असो, नाहीतर आपल्या मंडळाच्या मांडवात उतरलेलं यान. राईड किती मिनिटांची आणि रांग किती लांब, ते नको; ते कुठंही मिळतं. खरंच परग्रहावर आलोय असं वाटलं तो क्षण सांगा, आणि फुगा फुटला तोही. सुरुवात माझ्यापासून.

अनाहाइमचं डिस्नेलँड, १९५५ सालचं. दिवसाच्या तिकिटवाल्यांना पार्क बंद झाला की रात्री ९ ते १ वेगळ्या तिकिटावर 'स्टार वॉर्स नाईट' असते, म्हणजे त्या नावाच्या अंतराळातल्या सिनेमांची रात्र. एरवी तिथं १४ वर्षांवरच्या माणसाला सोंग घेऊन आत सोडत नाहीत. या रात्री सोडतात, फक्त मोठ्यांना मुखवटा चालत नाही. त्यामुळं फाटकापाशीच आमची बोबडी वळली. झगे घातलेले आजोबा, हातात उजेडाच्या तलवारी घेतलेल्या बायका. माझ्या अंगात स्वेटर आणि माकडटोपी. सौ. इरकलीवर शाल घेऊन होत्या. त्यांचे तिघांनी फोटो काढून घेतले, कारण त्यांना ते सोंगच वाटलं.

आत १४ एकरांचा एक आख्खा ग्रह उभा केलाय, बाटू नावाचा. २०१९ मध्ये उघडला. तिथली दुकानदार पोरं आपण पार्कात आहोत हे कबूलच करत नाहीत. दिवसा 'ब्राइट सन्स' म्हणतात आणि अंधार पडला की 'रायझिंग मून्स'. संडासाला 'रिफ्रेशर' म्हणतात, हे नातवानं सांगितलं म्हणून निभावलं.

एका बोळात पांढऱ्या चिलखतातले दोन शिपाई आडवे आले. ओळख पटवा म्हणाले. आता शिपायानं अडवलं की आपला हात आपोआप पाकिटाकडं जातो. घाईत हाताला लागलं ते एसटीच्या अर्ध्या तिकिटाचं कार्ड. तेच पुढं केलं. त्यानं ते उलटसुलट करून बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं, दुसऱ्याला दाखवलं आणि परत देऊन म्हणाला, जा पुढं. हसला असेल तर चिलखताच्या आत हसला असेल. बाटू ग्रहावर आपली एसटी चालते, एवढं मला त्या रात्री पटलं.

फुगा फुटला तो निळ्या दुधानं. तिथं ते फार प्रसिद्ध आहे. नारळाचं आणि तांदळाचं दूध, बर्फासारखं गोठवलेलं. गंगावेशीत डोळ्यांदेखत म्हैस पिळून हातात दिलेला फेसाळ पेला प्यालेल्या माणसाला ते देणं म्हणजे थट्टाच. सौ. म्हणाल्या, "हिथं म्हशी नाहीत ना, म्हणून असं करत असतील बिचारे."

आता तुम्ही.

राजारामपुरीतला, सध्या फ्लोरिडात

काका, एसटीचं कार्ड नाद खुळा! तोच ग्रह इकडंही आहे. यान चालवायच्या राईडमध्ये सहा जणांना बसवतात: दोन पायलट, दोन गनर, दोन इंजिनिअर. मला इंजिनिअरची जागा आली. कॉलेजात चार वर्षं काढून, नोकरीत आठ वर्षं घालवून अंतराळात गेलो, तर तिथंही लाल दिवा लागला की बटण दाबायचं हेच काम. पायलट होता एक अनोळखी आठ वर्षांचा पोरगा. त्यानं दिसेल त्या खडकावर यान घातलं. शेवटी हिशोब मांडतात, माल किती आणला आणि नुकसान किती केलं. आमच्या वाट्याला काय उरलं ते विचारू नका. पण त्या पोराच्या बापानं उतरताना मला खरोखर 'सॉरी' म्हटलं, जसं काही माझीच गाडी ठोकली होती. तो क्षण धरा.

शिवाजी उद्यमनगर

आम्ही अमेरिका बघितली नाही. चंद्र केला.

२३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चा लँडर विक्रम चंद्रावर उतरला, आणि १९ सप्टेंबरला गणेश चतुर्थी. मध्ये २७ दिवस. मंडळाचा देखावा दुसराच ठरला होता, निम्मा तयारही होता. त्या रात्री सगळ्यांनी मिळून तो मोडला. वर्गणी देणाऱ्या एका काकांनी महिनाभर बोलणं टाकलं.

लँडर पत्र्याचा, चार पाय गॅसपाइपचे, वरून सोडायला जुन्या लेथची मोटर आणि सायकलची चेन. जमिनीचं काय करायचं? इस्रोनं सरावासाठी तामिळनाडूत सेलमजवळचा खडक दळून चंद्राची माती केली होती, हे आमच्यातल्या एकानं वाचलेलं. आपल्याकडं सेलम नाही, पण फौंड्र्या आहेत. ओतकामातली जळकी वाळू दोन ट्रॉल्या आणली. फार काळी पडली, मग चुना आणि राख मिसळून करडी केली. लाइट तिरका मारला की खड्ड्यांच्या सावल्या अशा पडायच्या की आम्हीच गप्प व्हायचो. लँडर खाली येताना धुराचं मशीन चालू आणि पंख्यानं धूळ उडवायची. लोक टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी सातवीतली एक मुलगी आईला मोठ्यानं म्हणाली, "चंद्रावर हवा नाही, मग धूर तरंगतोय कसा?" आईनं गप्प बस म्हटलं. आम्ही तोंडं बघत राहिलो. बरोबर होतं तिचं. हवा नसेल तर उडालेली धूळ तरंगत राहत नाही, सरळ जाऊन खाली पडते. त्याच रात्री पंखा आणि धूर बंद केला. टाळ्या कमी झाल्या. तरी पुन्हा चालू केला नाही, यावरनं मंडळात अजून वाद आहे.

शाहूपुरी

काका, डिस्नेलँडच्या एका रात्रीला माणशी वेगळं तिकीट? तेवढ्या पैशात आख्खी गल्ली तांबडा-पांढरा ओरपून वर पान खाऊन आली असती.

धागा काढणारा

जावयाचे पैसे होते. त्यामुळं हिशोब केला नाही.

लाइटवाला, कसबा बावडा

मी पडद्यामागचा. एका पार्कात (नाव नको, अजून बिल यायचंय) 'अंतराळ रात्र' होती, तिथं दोन महिने लाइट मारल्या.

होलोग्राम म्हणून जे दाखवतात ते बहुतेक वेळा होलोग्राम नसतंच. ४५ अंशांत काच उभी करायची, बाजूला माणूस लपवायचा, त्याच्यावर उजेड टाकायचा. काचेत त्याचं प्रतिबिंब हवेत उभं राहतं. लंडनमध्ये १८६२ साली पेपर नावाच्या माणसानं हे करून लोकांना भूत दाखवलं होतं. आम्ही त्याच भुताला चंदेरी कपडे घातले.

जांभळ्या लाइटच्या बोगद्यात भिंतीवरची चित्रं चमकावीत म्हणून मालकानं महागडा रंग आणला. पण सगळ्यात जास्त चमकले ते येणाऱ्यांचे पांढरे शर्ट. धुण्याच्या पावडरीत पांढरेपणासाठी एक घटक असतो, तो त्या उजेडात पेटल्यासारखा दिसतो. एक पुढारी कडक इस्त्रीत आले होते. बोगद्यात फक्त त्यांचा शर्ट चालताना दिसत होता.

फुगा फुटला तो लाइट गेल्यावर. जनरेटर चालू व्हायला दीड मिनिट लागलं. उजेड आला तेव्हा परग्रहावरचा राजा डोकं काखेत मारून वडापाव खात होता.

आणि एक, रागवा हवं तर. अमेरिकेत शोमध्ये देखरेखीला माणूस असला तरी लेसरची शलाका लोक उभे राहतात त्या जागेच्या किमान ३ मीटर वरून जायला हवी असा नियम आहे. आपल्याकडं मिरवणुकीत ट्रॅक्टरवरून हिरवी लेसर सरळ तोंडावर. डोळ्याच्या मागच्या पडद्याला भाजलं तर परत नीट होईल याची खात्री नसते. शार्पी (बारीक झोताचा साधा लाइट, लेसर नव्हे) मारा, लेसर डोक्यावरून मारा. गेल्या वर्षी दोन ऑर्डरी मी याच कारणानं सोडल्या.

ताराबाई पार्क

मी कोल्हापूरची, त्यामुळं 'मी गेलो, मी आलो' असंच लिहिणार. मी पाच वर्षांच्या लेकीला घेऊन अशाच एका रात्रीला गेलो होतो, आपल्याच राज्यात. दहाव्या मिनिटाला दोन मीटर उंच रोबो समोर आला आणि तिनं जो भोंगा लावला तो थांबेना. तो रोबो गुडघ्यावर बसला. तेवढ्यात आतून "आई गं" असं स्पष्ट ऐकू आलं, गुडघ्याचा त्रास असणार. लेक रडायची थांबली आणि म्हणाली, "त्याला पण आई हाय?" मग त्याच्या बोटाला धरून सगळा पार्क फिरली. लहान पोरं असतील तर कानाला लावायचे मफ घेऊन जावा, आवाज फार असतो.

शिवाजी पेठ

उद्यमनगरवाल्यांनी तांत्रिक लिहिलं, मी सजीव देखाव्याचं लिहितो. नव्वदच्या दशकातलं. आमच्या तालमीनं परग्रहावरचा माणूस पंचगंगेकाठी उतरतो असा देखावा केला. संवाद आधी कॅसेटवर भरलेले, आपण नुसते ओठ हलवायचे आणि हातवारे करायचे. बारा मिनिटांचा खेळ, रात्री पंधरा वेळा. खेळ संपला की पुढचा सुरू होईपर्यंत आहे त्या पोजमध्ये उभं राहायचं, हलायचं नाही, कारण गर्दी सरकतच असते. बघणाऱ्याला आपण खरंच तिथं आहोत असं वाटायला लावणं, 'इमर्सिव्ह' का काय ते, आम्हाला वस्तादांनी शिव्या देऊन शिकवलं.

मी सतरा वर्षांचा, तो परग्रहवाला मीच. अंगाला हिरवा रंग, डोक्याला वायरी. घरी सांगितलेलं नव्हतं, कारण बारावीचं वर्ष. मांडवात झोपायला जातो म्हणून सांगितलेलं.

पाचव्या दिवशी गर्दीत आजी दिसली. शेजारणींबरोबर आलेली. बरोबर माझ्यापुढं येऊन थांबली. पोट खपाटीला लावून उभा राहिलो, पापणी हलवली नाही. तिनं मागच्या गणपतीला हात जोडले आणि बहुतेक मी मध्येच होतो म्हणून मलाही जोडले. मग पायापर्यंत नीट बघितलं आणि गेली.

पहाटे रॉकेलनं रंग काढून घरी गेलो. चुलीपुढं बसली होती. काही विचारलं नाही. चहा पुढं ठेवला आणि म्हणाली, "त्या हिरव्याच्या पायातली चप्पल तुझ्यासारखीच हाय बघ. चांदीचा कागद लावला म्हणून काय कापशीची चप्पल वळखू येत न्हाई व्हय?"