दवाखान्यातला कचरा जाळणं बंद करून ऑटोक्लेव्हच (दाबाच्या वाफेने जंतू मारणारं मशीन) का नको? (मत मांडतोय, भांडा)

लॅबवाला:
रात्रपाळी करून आलोय त्यामुळे जरा तिरकं वाटेल, पण लिहितोच. दवाखान्यातला कचरा म्हटलं की सगळ्यांचं एकच उत्तर, जाळून टाका, राख झाली की विषय संपला. संपत नाही हो. सलाईनचे सेट, रक्ताच्या पिशव्या, यात पीव्हीसी नावाचं प्लास्टिक भरपूर, पीव्हीसी म्हणजे क्लोरीन आलंच, आणि ते कमी आचेवर धुमसत ठेवलं की डायॉक्सिन आणि फ्युरान ही विषारी रसायनं तयार होतात, जी शरीरात चरबीत साठून राहतात आणि अशा टिकून राहणाऱ्या विषांवरच्या २००१ च्या स्टॉकहोम कराराच्या यादीत ज्यांची नावं आहेत. डब्ल्यूएचओ म्हणतं जाळायचंच तर ८५० ते ११०० डिग्रीची आधुनिक भट्टी हवी, वर धूर साफ करायची यंत्रणा हवी. मागच्या बाजूला विटा रचून केलेली भट्टी यात कुठे बसते? माझं मत सरळ आहे, संसर्गाचा कचरा आधी ऑटोक्लेव्ह, मग श्रेडर (तुकडे करणारं मशीन), जाळणं शक्य तितकं बंद.

ओटीसिस्टर:
नाही पटलं. प्लासेंटा (बाळंतपणातली वार) ऑटोक्लेव्हमध्ये घालून बघितलाय कधी? शिजतो, बाकी काही होत नाही, आणि जो वास सुटतो तो दिवसभर जात नाही. कापलेला अवयव श्रेडरमध्ये टाकणार का? केमोच्या औषधांचं काय, ती वाफेने निकामी होतीलच असं नाही, उलट मशीन उघडताना वाफेबरोबर तुमच्याच तोंडावर. याला भट्टीच लागते. चांगली भट्टी लागते हे मान्य.

लॅबवाला:
"शक्य तितकं" लिहिलंय सिस्टर, सरसकट नाही. अवयव आणि केमोला भट्टी, कबूल. पण ग्लोव्ह, कल्चर प्लेट (लॅबमध्ये जंतू वाढवायच्या बशा), सिरिंज, ड्रेसिंग त्याच भट्टीत का जातं ते सांगा.

मशीनदुरुस्ती:
तुमचं दोघांचंही एक गृहीत आहे, की ऑटोक्लेव्ह काम करतोय. मी हीच मशीनं उघडतो म्हणून सांगतो. एकदा एका ठिकाणी तक्रार होती गॅस्केटची, बघायला गेलो तर सायकल नुकतीच संपलेली, १२१ डिग्री दाखवलेले, पिशवीच्या टेपवर मस्त काळे पट्टे. पिशवीचं तोंड मात्र दोरीने गच्च आवळलेलं आणि चेंबरमध्ये पिशव्या अशा कोंबलेल्या की बोट जाणार नाही. एक फाडली, मधोमध ड्रेसिंगचा गोळा जेमतेम कोमट, आणि कोरडा ठणठणीत. आत हवा अडकली की वाफ शिरत नाही, एवढीच गोष्ट. टेप फक्त सांगते की पिशवी बाहेरून तापली. आतलं कळायला स्पोअर टेस्टच लागते, जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णतेला सहज न मरणाऱ्या जंतूच्या स्पोअरची (बीजाणूंची) व्हायल पिशवीच्या पोटात ठेवायची, सायकल झाली की इन्क्युबेटरमध्ये. जांभळी होती ती पिवळी पडली म्हणजे आत जिवंत आहेत, नापास (आमच्याकडच्या व्हायलचे रंग असे आहेत, कंपनी बदलली की पत्रक वाचा). ही टेस्ट नियमित करणारे फार कमी भेटले मला. मग सांगा, न मारलेला कचरा "निर्जंतुक" म्हणून बाहेर जाणं बरं की धूर बरा?

साधाप्रश्न:
एवढं कशाला, सगळं ब्लीचच्या पाण्यात बुडवा ना, स्वस्त आणि मस्त.

लॅबवाला:
अहो रक्त, पू असलं काही लागलेलं असलं की क्लोरीन तिथेच खर्ची पडतं, आणि सकाळी केलेलं द्रावण झाकण उघडं ठेवलं तर संध्याकाळपर्यंत कितपत उरतं? त्यात ब्लीचचं भिजलेलं सामान ऑटोक्लेव्हमध्ये घातलं तर क्लोरीनचा वास डोळ्यात, आणि भट्टीत घातलं तर परत माझा वरचाच मुद्दा. ब्लीच सांडलेलं पुसायला ठीक. आणि मशीनवाल्या साहेबांना, नापास सायकल ही वापरणाऱ्याची चूक झाली, पद्धतीची नाही.

मशीनदुरुस्ती:
मग धुमसणारी भट्टी पण वापरणाऱ्याचीच चूक की.

लॅबवाला:
...हा मुद्दा घेतला तुमचा.

गोळाकरणारा:
मी पिशव्या उचलतो. तुम्ही मशीनवर भांडताय, पण मशीनपर्यंत कचरा आणतो कोण? परवा साध्या कचऱ्याच्या पिशवीत सुई होती, टोपण परत लावायला गेलेली आणि अर्धवट बसलेली, मांडीला घासून गेली. माझी कावीळ बीची लस झालीय म्हणून जरा झोप लागली. बाधित रक्ताची सुई टोचली तर कावीळ बीचा धोका ३० टक्के सांगतात, सीचा १.८, एचआयव्हीचा ०.३. टोपण लावूच नका, सुई थेट डब्यात टाका, आणि तो डबा पाऊण भरला की बंद करा, वरून दाबून जागा करत बसू नका. डब्ल्यूएचओ म्हणतं दवाखान्यातला ८५ टक्के कचरा साधाच असतो, तो वेगळा राहिला तर तुमच्या भट्टीला आणि ऑटोक्लेव्हला दोघांनाही निम्मं कामसुद्धा उरणार नाही.

ओटीसिस्टर:
दादा तुमचं खरं आहे, पण केस चालू असताना हातात सुई, समोर रक्त, आणि डबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला. टोपण लावलं जातं ते त्या चार पावलांमुळे.

गोळाकरणारा:
मग डबा ट्रॉलीला लावा सिस्टर. मीच आणून लावतो, तुम्ही फक्त कुठली ट्रॉली ते सांगा.