अण्णा आचके देत होते, आम्ही म्हणालो श्वास चालू आहे

झेरॉक्सवाला_सातारा

नमस्कार मंडळी. पोवई नाक्याजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. रोज सकाळी सहा ते साडेसात आम्ही आठ-दहा जण बॅडमिंटन खेळतो. तीन आठवड्यांपूर्वी आमच्यातले अण्णा कोर्टवरच गेले. वय ६१, एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त. सुटलेलं पोट नाही, बिडीकाडी नाही, आम्हा चाळिशीवाल्यांना पळवून पळवून दमवायचे.

घडलं तसं लिहितो. तिसरा गेम, १४-११. अण्णांनी सर्व्हिस केली, मी परत मारली, तर ते शटलकडे वळलेच नाहीत. रॅकेट सुटली आणि सरळ तोंडावर कोसळले, हात टेकायचासुद्धा प्रयत्न नाही. आम्ही उताणं केलं तेव्हा हातपाय झटकत होते. एक जण ओरडला, "फिट आली!" दुसऱ्याने स्वतःचा बूट काढून नाकाला लावला. मी पाणी शिंपडलं. झटके थांबले. मग तोंड उघडून घोरल्यासारखा एक मोठा श्वास. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक.

मीच म्हणालो, "श्वास चालू आहे, घाबरू नका."

कुणी तळपाय चोळले, कुणी जिभेखाली सॉर्बिट्रेट ही छातीदुखीची गोळी सरकवली. १०८ ला फोन लावला होता, पण वाट बघवेना. चौघांनी उचलून माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर घातलं. दवाखान्यात पोचेपर्यंत पडल्यापासून पंधरा मिनिटं तरी झाली असतील. तिथे सांगितलं, काही उरलेलं नाही.

दोन महिन्यांपूर्वीचा त्यांचा ईसीजी नॉर्मल होता, मुलाने मला कागद दाखवला. मला विचारायचंय ते एवढंच: ते श्वास होते की नव्हते?

मिरजेची_सिस्टर

दादा, नव्हते.

मी एकतीस वर्षं आयसीयूत काढली, आता घरी असते. तुम्ही लिहिलंय ते वाचतानाच मला चित्र दिसलं. हृदय थांबल्यावर मेंदूच्या तळाशी थोडा वेळ धुगधुगी असते, ती जबड्याला आणि छातीला शेवटचे हेलकावे देते. त्यातून हवा आत जाते न जाते, रक्त तर फिरतच नाही. आमच्या आजीच्या पिढीला याचा शब्द माहीत होता, "आचके देतोय" म्हणायच्या. श्वास घेतोय असं कधी म्हणायच्या नाहीत. आपण शब्द विसरलो आणि खूणही विसरलो.

सुरुवातीचे झटकेही मिरगीचे नव्हते. मेंदूला रक्त मिळेनासं झालं की हातपाय असे झटकतात. फसायला होतं. नवशिके डॉक्टर फसलेले मी पाहिलेत, त्यामुळे बूटवाल्या भाऊंना बोलू नका.

आता ईसीजीचं. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त नेणारी नळी तुंबते. माणूस बहुतेकदा शुद्धीत असतो, घाम फुटतो, छाती दाबून धरतो, बोलतो. अण्णांना झाला तो कार्डियाक अरेस्ट. यात हृदयाची वीज बिघडते. पुष्कळदा खालचे कप्पे आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरतात, पिशवीत पकडलेल्या माशासारखे. रक्त पुढे ढकललं जात नाही आणि काही सेकंदांत माणूस कोसळतो. तुंबलेल्या नळीमुळे असं होऊ शकतं, जन्मजात दोषाने होऊ शकतं, हृदयाचा स्नायू जाड झाल्यानेही होतं. ईसीजी त्या दिवशीच्या त्या काही सेकंदांची नोंद असते, पुढची हमी नसते.

करायचं काय होतं? हाक मारून खांदे हलवायचे. उत्तर नाही आणि श्वास नाही, किंवा असा विचित्र श्वास आहे, तर नाडी शोधत बसायचं नाही, आपल्याला ती भीतीच्या भरात सापडत नाही. एकाने १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवायचा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच ठेवायची, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ, आणि दाबायचं. मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत दम लागतो, मग माणूस बदलायचा. तुम्ही दहा जण होतात, दहा जण म्हणजे चैन असते या कामात. तोंडाने श्वास द्यायची किळस किंवा भीती वाटते म्हणून लोक मागे राहतात. शिकलेलं नसेल तर तो नाही दिला तरी चालतं, नुसतं दाबत राहा.

गाडीत घालणं ही चूक नेहमी होते. मऊ सीटवर, वळणावळणाच्या रस्त्यावर छाती दाबता येत नाही. पडला तिथेच, कडक जमिनीवर काम सुरू करायचं. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात गोळी, पाणी, काही म्हणजे काही घालायचं नाही.

निसर्गोपचार_प्रेमी

यासाठीच सांगतो, छातीत कळ आली की जोरजोरात खोकत राहायचं, हृदय चालू राहतं. आमच्या ग्रुपवर डॉक्टरांचाच मेसेज आला होता. सगळ्यांनी पुढे पाठवा.

मिरजेची_सिस्टर

कृपा करून पाठवू नका. अण्णा खोकणार कधी होते? आधी कसलीच सूचना नव्हती, रॅकेट हातातून पडली तेव्हाच शुद्ध गेलेली होती. ज्याला खोकता येतंय त्याचं हृदय चालू आहे, त्याने खोकत बसण्यापेक्षा दवाखाना गाठावा.

कोपनहेगनकर

मूळ कऱ्हाडचा, नऊ वर्षं डेन्मार्कमध्ये. १२ जून २०२१ ला फिनलंडविरुद्धच्या फुटबॉल सामन्यात डेन्मार्कचा खेळाडू ख्रिश्चन एरिक्सन कोसळला तेव्हा मी घरी टीव्हीसमोर होतो. आजूबाजूला कुणी खेळाडू नाही, धक्का नाही, आणि गडी आडवा. अण्णांचं वर्णन वाचून तेच आठवलं. डॉक्टर पोचले तेव्हा त्याचा श्वास चालू होता, नाडीही लागत होती, मग मैदानावरच सगळं थांबलं. लगेच छाती दाबायला घेतली, विजेचा एक शॉक दिला, आणि स्ट्रेचरवरून जाताना तो जागा होता. छातीत आयसीडी, म्हणजे ठोके बिघडले की आतूनच शॉक देणारं छोटं यंत्र बसवलं. इटलीच्या नियमात ते बसत नव्हतं म्हणून इंटर मिलान हा तिथला क्लब सुटला, आणि २०२२ मध्ये तो इंग्लंडमध्ये ब्रेंटफर्डकडून पुन्हा खेळला.

तिथे सगळी फौज उभी होती, हे मान्य. पण मला इथे लायसन्स काढतानाच प्रथमोपचाराचा कोर्स करावा लागला, त्याशिवाय गाडी चालवता येत नाही. रबरी पुतळ्यावर आम्ही घामाघूम. २००१ मध्ये इथे दवाखान्याबाहेर कोसळलेल्या सुमारे २१ टक्के लोकांनाच आसपासच्यांनी सीपीआर दिला होता, म्हणजे छाती दाबली होती, २०१० मध्ये ४५ टक्क्यांच्या आसपास. त्याच काळात महिनाभर जगणाऱ्यांचं प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून जवळपास ११ वर गेलं. म्हणजे तरीही बहुतेक जण वाचत नाहीत, हेही लक्षात घ्या.

हॉलसाठी वर्गणी काढून एईडी, म्हणजे कुणालाही वापरता येणारं शॉकचं यंत्र घ्या. सुपरमार्केटच्या भिंतीवर इथे टांगलेलं असतं. झाकण उघडलं की यंत्र बोलतं, पट्ट्या कुठे चिकटवायच्या ते सांगतं, आणि गरज नसेल तर शॉक देतच नाही.

झेरॉक्सवाला_सातारा

सिस्टर, दोनदा वाचलं. आज दुकान उशिरा उघडलं. दाबलं असतं तर अण्णा वाचले असते का?

मिरजेची_सिस्टर

ते मला सांगता येणार नाही आणि कुणालाच येणार नाही. शॉक मिळायला जितका उशीर तितकं अवघड. काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचायची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते, छाती दाबत राहिलं तर ही घसरण मंदावते. तुमच्याकडे शॉकचं यंत्र नव्हतं. दाबलं असतं तर संधी मिळाली असती, एवढंच म्हणते. तुम्हाला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना तुम्ही पळापळ केलीत.

झेरॉक्सवाला_सातारा

ठीक. छाती दाबायला शिकायला ११ जण तयार झालेत, अण्णांचा मुलगाही येतो म्हणतोय. बूटवालाही येणार आहे. पुतळा कुठून आणू? उशीवर चालेल का?

मिरजेची_सिस्टर

उशी फार मऊ. जाड सतरंजी घट्ट गुंडाळून दोरीने बांधा, फरशीवर ठेवा. खोलीचा अंदाज त्यावर येत नाही, पण लय आणि ताठ कोपरं जमतात. पुतळ्यासाठी मी इथल्या नर्सिंग कॉलेजात विचारते. पुढच्या रविवारी सकाळच्या एस.टी.ने येते. हॉल कुठे ते मेसेज करा, आणि गुडघे दुखणाऱ्यांना जाड चादर आणायला सांगा.